कानावर सोपवलेलं शिक्षण

दृष्टी गेली की कान तयार होतो, ही आपल्याकडची जुनी आणि लाडकी समजूत. तिला दाखलेही भरपूर मिळतात. सूरदासांचं कॅलेंडरवरचं चित्र असतं, रवींद्र जैन यांचं नाव असतं, आणि दौंड जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीत खंजिरी वाजवत डब्यातून पुढे सरकणारा गायकही असतो. पहिल्या दोघांपुढे आपण हात जोडतो, तिसऱ्याच्या हातावर नाणं ठेवतो. पण तिघांकडे पाहून काढलेला निष्कर्ष एकच, की अंध माणसाला गाणं येतंच. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभसारख्या गावात एखादं मूल जन्मतः अंध असलं किंवा पन्नाशीतल्या कुणाची नजर मधुमेहाने गेली, तर घरच्यांना मिळणाऱ्या सल्ल्यांत 'पेटी शिकवा, भजनात बसवा' हा सल्ला ठरलेला. तो आपुलकीने दिलेला असतो आणि चुकीचाही नाही, पण तो अर्धा आहे. जे आपोआप येतं ते शिकवायची काय गरज, असं त्याच्या पोटात दडलेलं असतं. महाराष्ट्रात अंधांच्या संगीतशिक्षणाचं जे व्हायचं राहिलं, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. आपण पेटी दिली, तबला दिला, टाळ्या दिल्या. लिहिता-वाचता येईल असं संगीत दिलं नाही. त्यामुळे गाणारे-वाजवणारे घडले, पण ज्यांच्याकडे दुसऱ्यांनी शिकायला जावं असे शिक्षक त्या मानाने फारच थोडे.

समजुतीत तथ्य किती, हे तपासून पाहता येतं. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात माँट्रियलच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लागोपाठच्या दोन स्वरांपैकी दुसरा चढा की उतरता, हे ओळखण्यात अगदी लहानपणी दृष्टी गेलेली माणसं डोळसांपेक्षा सरस ठरली. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना मात्र असा काहीच फायदा दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लहानपणापासून अंध असलेल्या आणि संगीत शिकलेल्या २१ जणांपैकी १२ जणांनी कुठलाही स्वर आधाराशिवाय ओळखता येत असल्याचं सांगितलं. इथे 'संगीत शिकलेल्या' हे शब्द नजरेआड होता कामा नयेत. शिवाय आधाराशिवाय स्वर ओळखणं ही शक्ती आपल्या संगीतात तेवढी कामाची नाही. आपला षड्ज फिरता. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, आणि सगळी कसोटी त्या षड्जाशी बाकीच्या स्वरांचं नातं धरण्याची. ते नातं पक्कं व्हायला अंध विद्यार्थ्यालाही समोर बसून चूक दाखवणारा कुणीतरी लागतोच. आणि अंधत्व म्हणजे जन्मापासूनचं अंधत्व, हे चित्र तरी कुठे खरं आहे? २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं प्रमाण एकूण लोकसंख्येत ०.३६ टक्के, तर पन्नाशी ओलांडलेल्यांत १.९९ टक्के आढळलं. म्हणजे दृष्टी गमावलेल्यांतला मोठा गट असा आहे, की ज्याला तयार कानाची ती निसर्गदत्त भरपाई मिळालेलीच नाही.

या गोष्टीची गंमत अशी, की महाराष्ट्रात संगीताचं शालेय शिक्षण ज्यांनी उभं केलं त्यांना स्वतःला संगीत मिळालं ते डोळ्यांच्या अपघातामुळे. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२चा. लहानपणी फटाका चेहऱ्याजवळ फुटून डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायची सोय झाली. तोच सल्ला: नजर नाही, तर गाणं शिकव. पण पलुसकरांनी पुढे जे केलं ते त्या सल्ल्याच्या पलीकडचं होतं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाण्याला वर्ग दिले, अभ्यासक्रम दिला, स्वतःची स्वरलिपी दिली आणि छापलेली पुस्तकं दिली. गुरूच्या मर्जीवर आणि शिष्याच्या स्मरणावर उभी असलेली विद्या त्यांनी कागदावर आणली. १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, आणि आजही तालुक्याच्या गावातला गाण्याचा क्लास प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्यांनीच चढतो. अधू डोळ्यांच्या माणसाने संगीत लिखित केलं, हे त्यांचं खरं थोरपण. त्या लिखिताचा लाभ पूर्ण अंध माणसाला झाला नाही, हा त्याच्या पुढचा न लिहिलेला भाग.

तो का झाला नाही, हे स्वरलिपीचं पान जवळून पाहिलं की कळतं. पलुसकरांच्या लिपीऐवजी भातखंडे पद्धत घेऊ, कारण ती सोपी मानली जाते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकातल्या स्वराच्या खाली बिंदू, तार सप्तकातल्या स्वराच्या वर बिंदू. एका मात्रेत दोन-चार स्वर असले तर त्यांना खालून कंस, मींड असली तर वरून कमान. त्याच्या खाली बोल, बोलांच्या खाली तालाची ओळ: समेला गुणिले, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. म्हणजे ही लिपी चार मजली इमारत आहे, आणि वाचणारा डोळा क्षणात सगळे मजले एकदम पाहतो. ब्रेल एकमजली. सहा टिंबांचा एक खण, त्यातून होणाऱ्या ६३ आकृत्या, आणि त्या एकापुढे एक ओळीत. स्वराच्या खाली किंवा वर काही ठेवायला जागाच नाही. मंद्र सप्तकातला कोमल निषाद लिहायचा तर आधी मंद्राची खूण, मग कोमलची, मग निषाद, असे तीन खण लागणार. तालाच्या खुणा वेगळ्या ओळीत गेल्या तर बोटाला वरची मात्रा आणि खालची टाळी जुळवत बसावं लागेल, म्हणून त्याही स्वरांच्या ओळीतच विभागाच्या तोंडाशी बसवायला हव्यात. अंध विद्यार्थी पाटीवर कागद अडकवून सळईने उजवीकडून डावीकडे टोचत जातो, मग कागद उलटून बोटाने डावीकडून उजवीकडे वाचतो. एक बंदिश उतरवायला त्याला डोळस मुलापेक्षा जास्त वेळ लागेल, हे उघड आहे. पण यात अशक्य असं काहीच नाही. कोणते संकेत घ्यायचे यावर वाद होतील, व्हावेत. एकदा ठरले की ते सगळीकडे एकच असावेत, म्हणजे आळंदीच्या अंधशाळेत लिहिलेली बंदिश मिरजेला वाचता येईल.

पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत हे काम दोनशे वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि ते ब्रेलनेच केलं. लुई ब्रेल पॅरिसमध्ये चर्चचा ऑर्गनवादक होता. १८२९ साली आलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच शब्दांच्या जोडीला संगीत आणि चर्चमधल्या पाठगायनाचा उल्लेख आहे. म्हणजे ब्रेल ही लिपी जन्मापासूनच संगीताची लिपी आहे. पाच रेघांवरचं पाश्चात्त्य लेखन तिने एका ओळीत आणलं. आपल्याकडे १९५१ साली भारती ब्रेल मान्य झाली तेव्हा मराठी, हिंदी, तमिळ सगळ्यांना एक चौकट मिळाली. कवितेचं पुस्तक, इतिहासाचं पुस्तक ब्रेलमध्ये असावं हे आपण लगेच मान्य केलं. गाण्याच्या पुस्तकाचा प्रश्न आला की मात्र 'ते ऐकून येतं' असं म्हणून मोकळे झालो.

ऐकून येतं, तर परीक्षेत काय होतं ते पाहा. वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो. रागांची माहिती, तालाची दुगुण-चौगुण आणि बंदिशीचं स्वरलेखन त्यात येतं. अंध परीक्षार्थीला लेखनिक घेता येतो, आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. सोय चांगली. पण लेखनिकाची पात्रता परीक्षार्थीपेक्षा कमी असावी अशी अपेक्षा असल्याने तो बहुधा संगीत न जाणणारा असतो. मग परीक्षार्थी सांगतो, 'ग काढ, त्याच्या खाली आडवी रेघ ओढ, शेजारी रे काढ, आता त्या दोघांना खालून जोड.' ज्या खुणा त्याने कधी पाहिल्या नाहीत, बोटाने कधी वाचल्या नाहीत, त्यांचं चित्र तो तोंडाने काढून देतो, आणि त्या चित्राचे गुण त्याला मिळतात किंवा जातात. ज्ञान त्याचं, चूक लेखनिकाची, गुणपत्रिका पुन्हा त्याची. याला संगीताच्या ज्ञानाची परीक्षा कसं म्हणायचं? ब्रेलमध्ये लिहिलेली उत्तरपत्रिका स्वीकारली, तर ती तपासायला ब्रेल स्वरलिपी जाणणारा परीक्षक लागेल, आणि तसा परीक्षक तयार करणं म्हणजेच अंध विशारदांना परीक्षक म्हणून नेमणं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप आहे तो परंपरेचा. आपली विद्या गुरुमुखातून येते. मोठमोठे खाँसाहेब लिहिण्या-वाचण्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. स्वरलिपीत रागाचा सांगाडा उतरतो, जीव उतरत नाही. मग अंध विद्यार्थ्यावर हे ओझं कशाला? आणि दाखला म्हणून हुबळीजवळच्या गदगकडे बोट दाखवता येईल. तिथल्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई (१८९२-१९४४) आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई (१९१४-२०१०), दोघेही अंध, यांनी अंध मुलांच्या पिढ्या घडवल्या, त्याही समोर बसवून, कानाने. आक्षेप मला पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. गदगला काय होतं ते नीट पाहायला हवं. मुलं आश्रमात राहत. दिवस उजाडल्यापासून गुरू समोर, सोबती समोर, वाद्यं हाताशी. अशी वर्षामागून वर्षं. गायक एम. वेंकटेशकुमार तिथे बारा वर्षं राहिले. ज्याला बारा वर्षं गुरूच्या घरात राहायला मिळतं त्याला कागदाची गरज कमी, हे उघडच आहे. कुरकुंभच्या मुलाला आठवड्याला एक तास मिळतो, तोही शिक्षकाची बस चुकली नाही तर. मधल्या सहा दिवसांत त्याच्यापाशी काय असतं? डोळस मुलापाशी वही असते. कागद गुरूची जागा घेत नाही. गुरू नसतो तेव्हाची पोकळी तो थोडी भरतो, आणि जिथे गुरुकुल परवडत नाही तिथे त्याची गरज जास्त.

गदगचा आणखी एक धडा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. गायक बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवईंकडे शिकले, वेंकटेशकुमार पुट्टराजांकडे, दोघेही डोळस. म्हणजे तिथे अंध माणूस दयेचा विषय नव्हता, तो गुरू होता, आणि डोळस मुलं त्याच्या पायाशी बसायला लांबून येत होती. पुट्टराजांना २०१०मध्ये पद्मभूषण मिळालं ही नंतरची गोष्ट. अंधांच्या संगीतशिक्षणाचं यश मोजायचं असेल तर स्नेहसंमेलनात किती मुलांनी गाणी म्हटली हे मोजून उपयोग नाही. त्यातली किती पुढे शिकवू लागली, आणि त्यांच्याकडे शिकायला कोण आलं, हे पाहावं. शिकवायचं तर क्रम लागतो, पाठांची मांडणी लागते, पंचवीस विद्यार्थ्यांच्या पंचवीस बंदिशी कुठेतरी टिपून ठेवाव्या लागतात. गळा आणि पाठांतर यांच्यावर गाता येतं. क्लास चालवायला लेखन लागतं.

दुसरा आक्षेप आजचा: हातात मोबाइल असताना ब्रेल कशाला? रेकॉर्डिंग ऐका, थांबवा, पुन्हा ऐका. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल खरोखरच जड जातं. मधुमेहाने नजर जाते तशी बोटांची संवेदनाही बोथट होते. सहा टिंबं त्या बोटाला एकसारखी लागतात. अशा माणसाला ब्रेलची सक्ती करणं मूर्खपणाचं. पण रेकॉर्डिंग हेही उत्तर नाही. ध्वनिफीत एका कलाकाराचं एका वेळचं गाणं देते. मूळ बंदिश कोणती आणि गायकाने ऐनवेळी घेतलेली जागा कोणती, हे ती वेगळं करून सांगत नाही. अंतऱ्याची दुसरी ओळ कितव्या मात्रेवर उठते हे शोधायला पानावर बोट ठेवावं तसं तिच्यात ठेवता येत नाही. इथे मधला मार्ग आहे. बंदिश जर साध्या टंकित मजकुरात, रेघा-बिंदूंऐवजी अक्षरांच्या खुणांनी, एका ओळीत लिहिली, तर तोच मजकूर ब्रेलमध्ये छापता येतो, मोठ्या ठशात छापून अल्पदृष्टीच्या विद्यार्थ्याला देता येतो, आणि एनव्हीडीए हा संगणकावरचा फुकट मिळणारा वाचक तो मोठ्याने वाचूनही दाखवतो. आज अक्षराखालची रेघ हा वाचक सहसा सांगत नाही. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार तो एकाच आवाजात म्हणून टाकतो. कायद्याचीही अडचण नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अंधांसाठी पुस्तकाचं रूपांतर करू देतो, आणि अशा पुस्तकांसाठीचा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ साली. राहिलं आहे ते बसून टंकण्याचं काम, आणि ते कुठल्याही महाविद्यालयाच्या संगीत विभागाला एका उन्हाळ्यात सुरू करता येईल.

तिसरा आक्षेप अंधांच्याच चळवळीतून येतो, म्हणून तो सगळ्यात आदराने ऐकायला हवा: पुन्हा गाणंच का? कॉम्प्युटर शिकवा, बँकेची परीक्षा द्यायला लावा, कायदा शिकवा. वेताच्या खुर्च्या, खडू आणि पेटी यांतून आम्हाला आता सोडवा. अगदी खरं. ज्या मुलाला गणित आवडतं त्याला पेटीपुढे बसवणं हा अन्यायच, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध-अल्पदृष्टींसाठी एक टक्का जागा ठेवल्या त्या काही गाण्याच्या नव्हेत. पण या आक्षेपाचा राग खरं तर निरक्षर संगीतावर आहे. ज्यातून पुढे कुठेच जाता येत नाही अशा शिक्षणावर आहे. दौंड तालुक्यालाच याचं एक जुनं उदाहरण आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली आणि विधवा होत्या, तशा अंध स्त्रियाही होत्या. त्यांच्यासाठी वेगळी सोय होती, आणि मनोरमाबाईंनी, रमाबाईंच्या मुलीने, त्यांना ब्रेल शिकवण्याचं काम अंगावर घेतलं. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी, जेव्हा डोळस मुलींना शाळेत घालणं हेही धाडस होतं, तेव्हा इथे अंध बाईच्या हाती आधी अक्षर दिलं गेलं. भजनं तिथेही होतीच. पण जिला वाचता येतं तिचं गाणं हा तिच्या अनेक कामांतला एक भाग असतो, आणि जिला वाचता येत नाही तिला गाण्याशिवाय दुसरं काही उरत नाही.

शिवाय गाण्यावर पोट भरत नाही, हे या तालुक्याने तरी म्हणू नये. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड, पाटस करत रोटी घाट चढते. गावोगावच्या भजनी मंडळांना पखवाजिया आणि पेटीवाला लागतो. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत ढोलकी आणि पेटी हा रोजचा धंदा आहे. नवरात्रात कुरकुंभच्या फिरंगाईच्या देवळात गर्दी असते. इथे संगीत शिकवणाऱ्याला गिऱ्हाईक आहे. नाही ते त्याला शिक्षक म्हणून मान्य करणारं प्रमाणपत्र आणि पगार. उतारवयात दृष्टी गेलेल्यांसाठी तर भजनी मंडळ हीच गावातली एकमेव संगीतशाळा. अभंग पाठ असतात, टाळ हातात असतो, कुणी प्रमाणपत्र मागत नाही. अडचण निघते ती अंधारात देवळापर्यंत जाण्याची, आणि नवी चाल शिकताना सगळे गाथेत पाहत असताना आपण नुसतं ऐकत बसण्याची. पहिलीला एखादा सोबती पुरतो. दुसरीला आदल्या दिवशी अभंग वाचून दाखवला तरी चालतं; एवढं साधं आहे, म्हणूनच ते कुणी करत नाही.

पैशाचा प्रश्न शेवटचा, आणि कुरकुंभच्या बाबतीत तो सगळ्यात सोपा. एका गावात अंध विद्यार्थी एखादाच असतो, त्याच्यासाठी शिक्षक कसा नेमायचा, असं विचारलं जातं. एका गावासाठी नेमूच नये. दौंड, पाटस, केडगाव, यवत ही स्टेशनं एका रेल्वेमार्गावर आहेत, कुरकुंभला दौंडहून आणि पाटसहून रस्ता आहे. आठवड्याचे पाच दिवस पाच ठिकाणी बसणारा एक शिक्षक तालुक्याला पुरतो. विशेष शिक्षकांची जोडणी गट साधन केंद्रांकडून आधीच असते, तिला हा दुवा जोडता येईल. आणि पगार? कुरकुंभच्या एमआयडीसीत मोठ्या रासायनिक कंपन्या आहेत. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीला सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आपल्या परिसराला प्राधान्य देऊन, आणि त्या कामांच्या यादीत दिव्यांगांचं शिक्षण नाव घेऊन लिहिलेलं आहे. एरवी या पैशातून एखाद्या शाळेत पेट्या वाटल्या जातात, हार घातलेल्या पेट्यांचा फोटो निघतो, आणि पुढच्या पावसाळ्यात भात्याला बुरशी चढते. तेवढ्याच पैशात एका विशारदाचा वर्षभराचा पगार निघेल. तो विशारद अंध असावा, प्रवासाचा खर्च आणि लागला तर सोबतीचा खर्च पगाराबरोबर धरावा, आणि त्याचा वर्ग डोळस मुलांनाही त्याच फीमध्ये खुला ठेवावा, म्हणजे एखाद्या महिन्यात अंध विद्यार्थी दोनच असले तरी वर्ग बंद करायला कुणाला कारण मिळणार नाही.